शालीच्या काठावरचं नाव

२ फेब्रु., सोम.
वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक दिवस मिळाला. विनोदी सदर लिहिणारी बाई, म्हणून चिटणिसांना 'हलकंफुलकं' हवं होतं. मी विषय दिला : अब्बासी खलिफांचे कपडे.  फोनवर चिटणीस म्हणाले, "आमदार येणारेत हं बाई. सांभाळून."

४ फेब्रु.
वाचतेय. तिराझ म्हणजे कापडाच्या काठावरची अक्षरांची पट्टी. बगदादच्या खलिफाचं नाव, त्याच्यासाठी दुआ, कधी वजीर, कधी कारखान्याचं गाव. असा झगा खलिफा मानाचा म्हणून सरदारांच्या अंगावर घालायचा. आपल्या बखरींतली खिलत तीच. सुभेदाराचं खलिफाशी बिनसलं की काठावरून खलिफाचं नाव गायब. आपल्याकडे फ्लेक्सवरून होतं, तसंच.
मजा येतेय. भात करपला.

५ फेब्रु.
तशी एक शाल विणून दाखवायचं ठरवलं. चिटणीस खूश : "आमदारसाहेबांचंच नाव टाका, सत्कारही उरकेल!"
गेले विणकर नरसय्यामामांच्या मागावर. चाळीस वर्षं चादरींत पुढाऱ्यांची नावं विणतायत. सगळं ऐकलं, माग थांबवला.
"आणि विणणाऱ्याचं नाव कुटं टाकायचे ते लोक?"
"बहुतेक टाकतच नव्हते, मामा."
"हजार वर्षं झाली की बाई. अजून तसंच हाय."
मामांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. 

११ फेब्रु.
शाल आली. सुरेख. काठावर आमदार ठसठशीत. चिटणिसांनी हात फिरवला, "कोपऱ्यातली नक्षी छान हं," म्हणाले आणि गेले.
मी उलटून पाहिली. चादरीसारखीच, दोन्ही बाजूंनी वापरायची. मागून आमदार उलटे आणि कोपऱ्यातली नक्षी सुलट : नरसय्या, सोलापूर.
मामांना फोन. "हे काय हो?"
"गाव टाकत होते म्हणालात की तुमी. गाव एकटं कसं टाकू?"
मी हसत बसले. मग हसू थांबलं. चिटणिसांना कळलं तर मामांची पुढची सगळी कामं…

१३ फेब्रु.
उद्या व्याख्यान. आमदारांना शाल घालायचा मान वक्त्याचा, म्हणजे माझा. मामा पहिल्या रांगेत; नवा सदरा शिवलाय म्हणे. विचारलं, "मामा, कोणती बाजू वर?"
"शाल तुमच्या हातात हाय, बाई."
आरशासमोर दोन्ही बाजूंनी पांघरून पाहिली. मागची जास्त खुलते. घडी अजून घातलेली नाही.