चौथा खांब

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! वरोऱ्याहून तीन बस बदलून चामोर्शीच्या पुढची ही राइसमिल गाठली. मांडीवर लॅपटॉप आणि डोक्यात हवा; पहिलीच नोकरी आहे, हवा असणारच. मिलच्या मागे लोखंडी गोदाम उभं राहिलंय, आत धानाचे कट्टे (इथे पोत्याला कट्टा म्हणतात) ठेवायला भलामोठा पोटमाळा. बारा खांब, चाळीस बीम. नकाशावरची मापं एक्सेलमध्ये घालायची आणि प्रत्येकाचा हिशोब तपासायचा. भार भागिले ताकद. उत्तर एकच्या आत आलं की पास. शेवटी सही माझी. चौकीदार लटारूभाऊंनी चहा दिला. कट्टे शिवणाऱ्या सोमारी आणि गुणाबाईंनी लाखोळीचं वरण आणि भात वाढला, आणि एवढीशी पोरगी इंजिनिअर कशी, म्हणून पोटभर हसून घेतलं.

५ नोव्हेंबर
सगळं पास. सर्वांत जास्त भार चौथ्या खांबावर, ०.८२. माझी शीट बघून नागपूर ऑफिसचे प्रवीणसाहेबसुद्धा खूश होतील. उद्या शेवटची नजर टाकायची की झालं.

६ नोव्हेंबर
सकाळी बघते तर चौथा खांब ०.८४. भारांच्या यादीत एक नवी ओळ आलेली. जंगू, ६०० किलो. ऑफिसातल्या कुणीतरी थट्टा केली असणार, नव्या माणसाची करतातच. ओळ पुसली.

७ नोव्हेंबर
जंगू परत आला. त्याच्याखाली बुधू, तेही सहाशे. ०.८६. पासवर्ड बदलला. लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं.

८ नोव्हेंबर
आता लहानू. ०.८८. ही नावं लटारूभाऊंना विचारली. त्यांनी पेटवलेली बिडी विझवली. मग सांगितलं, की इथला जुना पोटमाळा तीन वर्षांपूर्वी भरल्या धानासकट कोसळला. खाली सात हमाल होते. त्यात हे तिघं. मी म्हटलं, पण एका माणसाचं वजन सहाशे किलो कसं?

“जेच्यावर माळा पडला, तेच्या अंगावरचे कट्टे अजून उतरले नाई, बाई,” ते म्हणाले.

चाळीस किलोचा एक, म्हणजे पंधरा कट्टे. हिशोब बरोबर येतो, हेच मला आवडलं नाही. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. खांब नवे नाहीत. पडलेलेच सरळ करून रंगवलेत.

९ नोव्हेंबर
म्हणजे नकाशावरची ताकद खोटी. गंजून किती उरलीय ते बघायला खांबाची जाडी मोजायला हवी. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, रंग दिलाय ना, मग ०.८२ वर सही करून पाठव, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. चौथं नाव आलंय. ०.९०.

१२ नोव्हेंबर
सातही आले. ०.९६.
मी जाडी मोजली नाही. मोजली असती तर सही करता आली नसती, आणि मला ही नोकरी हवी होती. फॉर्म्युला पुसून हाताने ०.८२ टाइप केलं. सही करून पाठवलं. मला माझीच लाज वाटते.

१३ नोव्हेंबर
वर कट्टे चढवायला सुरुवात. नवी ओळ नाही. सुटले बहुतेक.

१४ नोव्हेंबर
हाताने टाकलेला आकडा आपोआप बदललाय. ०.९६. फॉर्म्युला नाही तिथे. काहीच नाही तिथे, तरी —
मिलच्या मालकाला सांगितलं. तो माझी सही दाखवतो.

१५ नोव्हेंबर
चौथ्या खांबाशेजारी वजन बांधलेली दोरी सोडून बघितली. मध्ये दोन बोटं वाकलाय. काल सरळ होता.
साहेब फोन उचलत नाहीत.

१६ नोव्हेंबर, सकाळ
आठवी ओळ. सोमारी. ०.९८.
ती तर जिवंत आहे. आत्ता वर आहे, कट्टे शिवतेय —

नववी. गुणाबाई. एक पूर्ण.

धावत गोदामात आले. लॅपटॉप जिन्यावर उघडा आहे, त्याच्याशेजारी ही वही. ओरडले, मिलच्या आवाजात वर पोचत नाही. लटारूभाऊ मिल बंद करायला पळालेत. खांब कुरकुरतोय. तेवढा वेळ नाही —

त्या दोघींना खाली आणायला कुणीतरी वर जायला हवं. सही माझी आहे. आणि मी वर गेले की —

दहावी ओळ. माझं नाव उमटतंय, एकेक अक्षर. रि

सोमारी वरून हात करतेय, ये म्हणून. हसतेय. तिला काही माहीत नाही.

जाते. वही पायरीवर ठेवते. सापडली तर सांगा, मी जाडी मोजली न