नकाशाची वाकडी घडी

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मुक्काम शिरसी
३ डिसेंबर २०२५

ती. सौ. आक्कास,
धाकट्या सयाजीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, आणि मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाची फुलं तेवढी पाठवतेस. तेव्हा पत्रच बरं.

मोटारसायकलची क्लच प्लेट गेली. जुनी गाडी, सामान बेळगावहून यायचं आहे, म्हणून आठवडाभर या लॉजवर अडकलो. खरं सांगतो, अडकलो ते बरंच झालं. एकसष्टाव्या वर्षी दिवसाला दोनशे किलोमीटर म्हणजे कंबर संध्याकाळी आपलं ऐकत नाही. नकाशा टाकीवरच्या पिशवीत प्लास्टिकच्या खिशाखाली असतो, पण आता तो वाचायला गाडी थांबवून चष्मा बदलावा लागतो. निपाणीत थांबलो तेव्हा चहावाल्यानं, पावणं नकाशा बघताय की पंचांग, असं विचारून घेतलं. दोन पोरांनी त्यांच्या मोबाइलवर रस्ता दाखवला. मी हो हो म्हणून पुन्हा कागदावर बोट ठेवलं.

येताना मुद्दाम त्याच रस्त्यानं येणार आहे. यल्लापूर ओलांडलं की हल्याळचा फाटा. नऊ वर्षांपूर्वी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि थोरल्या अण्णांच्या नकाशावाचनानं आम्ही दोघं सफरीवरून परतताना जंगलात पाच तास भरकटलो. घरी पोचलो तेव्हा अग्नी देऊन लोक परतले होते. त्यांनी नेमकं कुठं चुकवलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. नकाशाही तोच आणलाय. त्यानं काय होणार ते मलाही माहीत नाही.

दाजींना नमस्कार. राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरकडं एकदाची जाऊन ये. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
सयाजी

राजारामपुरी, कोल्हापूर
८ डिसेंबर २०२५

चि. सयाजीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दात काढून आले, आता दुसरा दुखतोय. लॉजचं पाणी उकळून घेत जा. चादर घरची अंथर.

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला असं खोटं लिहीत नाही. आई गेली त्या आठवड्यात तू भरल्या घरात, भावकीसमोर, अण्णाला म्हणालास की तुमच्या नकाशापायी आईचं तोंड दिसलं नाही. त्यानंतर तुझा गडहिंग्लजला पाय नाही, त्याचा कसबा बावड्याला नाही. आणि मी मधे. दिवाळीचा फराळ इकडचा तिकडं, तिकडचा इकडं, आणि डबा कुणाकडनं आला ते सांगायचं नाही. आता दमले रे. माझंही वय झालं.

अण्णा परवा डोळे दाखवायला आला होता. जेवताना सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, की सयाजीची गाडी अजून चालते का. चालते म्हटलं. मग जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, की माघात राजवीरचं लग्न आहे, पत्रिकेवर काका म्हणून तुझं नाव घालायचं की नाही ते कळलं पाहिजे. छापायला महिनाअखेर द्यायची आहे. पोराच्या पत्रिकेवर सख्ख्या काकाचं नाव नसलं तर लोक काय विचारतील ते मला विचारतील, त्याला नाही.

तू फाट्यावर जा, पाहिजे तितकं बघ. पण त्यातून अण्णाची आणखी एक चूक उकरून आणणार असशील तर माझ्या दारी आणू नकोस. एकदा काय ते संपव. नाव घालायचं की नाही, एवढं कळव. दाजी म्हणतात हेल्मेट काढून फोटोला उभा राहू नकोस, केस राहिलेले नाहीत.

काळजी करणारी,
संयोगिता

मुक्काम हल्याळ
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
सयाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

नऊ वर्षांनी लिहितोय. अक्षर ओळखाल की नाही कोण जाणे. पत्र फाडलंत तरी चालेल, पण आधी वाचा.

आज सकाळी त्या फाट्यावर थांबलो. उजवीकडं हल्याळ, डावीकडं जंगल. आपला जुना नकाशा पिशवीतून काढला. त्यावर फाटा अगदी स्वच्छ आहे, आणि तुमच्या पेन्सिलीचा बाण उजवीकडं वळलेला आहे. मग आपण डावीकडं कसे गेलो, ते मला कळेना. रस्त्याकडेच्या दगडावर बसून नकाशा उघडला, मिटला. तुमच्या घड्या सगळ्या सरळ, कागदाच्या कडेला कड लावून घातलेल्या. त्यात एकच घडी वाकडी आहे. त्या घडीवर कागद दुमडला, तर मधला पट्टा आत जातो आणि फाटा त्या पट्ट्यात आहे. वरचे दोन पट्टे एकमेकांना चिकटतात, आणि डावीकडचा जंगलातला रस्ता सलग पुढं गेल्यासारखा दिसतो. मी त्या दिवशी तेच बघून गाडी डावीकडं घेतली होती.

सफरीवर असलो की रोज सकाळी नकाशा तुम्ही दुमडून टाकीवरच्या खिशात सरकवायचा, मी चालवायचं, ही आपली रीत. पण त्या दिवशी आक्काचा फोन आला तेव्हा तुम्ही रेंज शोधत टेकडीवर गेला होतात. वारं सुटलं, नकाशा फडफडायला लागला, आणि मीच तो घाईनं दुमडून खिशात कोंबला. तुम्ही खाली आलात ते रडत. मागं बसलात आणि माझ्या पाठीला डोकं टेकलंत. तुम्ही नकाशाकडं बघितलंही नाही.

हे मी विसरलो होतो, असं लिहिणार होतो. पण दगडावर तासभर बसून विचार केला, अण्णा, मी विसरलो होतो की विसरून घेतलं होतं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. चूक माझी होती. आणि बोल तुम्हांला लावला, तोही चारचौघांत. मला तुमची माफी पाहिजे. मिळाली नाही तरी मी समजून घेईन. राजवीरच्या पत्रिकेवर माझं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला तो हक्क नाही.

अंग फार दुखतंय, उद्या घराकडं निघतो. वहिनींना नमस्कार सांगायची हिंमत होत नाही, तुम्हीच सांगा.

आपला अपराधी भाऊ,
सयाजी

गडहिंग्लज
२२ डिसेंबर २०२५

चि. सयाजीस,
अण्णाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर ओळखलं. डोळ्यांत थेंब घालायचे चालू आहेत, म्हणून दोन दिवस लागले वाचायला.

घडीचं मला माहीत होतं. त्या दिवशी दांडेलीत पेट्रोल भरताना नकाशा काढला, तेव्हाच बघितली. तू लहानपणी वह्यांना कव्हर घालायचास तेव्हापासून तुझी घडी वाकडीच. मी ती उलगडून सरळ घातली आणि परत खिशात ठेवली. बोललो नाही, कारण तू एका हातानं डोळे पुसत गाडी पळवत होतास. मागं बसलेल्या माणसानं तेव्हा काय बोलायचं? घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी गेल्यावर तूच आधी बोललास.

मोठेपणानं गप्प बसलो असं मात्र समजू नकोस. आक्का तसं म्हणेल, तिचं ऐकू नकोस. मला राग आला होता. तीस वर्षं ज्यानं तुला वाट दाखवली, त्याला एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला, की अण्णा, असं कसं झालं? तू विचारशील म्हणून पहिलं वर्ष वाट बघितली. मग रागाची सवय झाली. आता रागही धरवत नाही, दम लागतो. माफीचं म्हणशील तर ती देऊन टाकली. आई असती तर दोघांच्या कानाखाली वाजवली असती आणि जेवायला बसवलं असतं.

पत्रिकेवर नाव घातलं आहे. वहिनी विचारते, की तू अजून तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून खातोस का. हळदीच्या आदल्या दिवशी ये. गाडीनं नको, एसटीनं ये.

एक काम मात्र तुला करावं लागेल, आणि ते पत्रानं होणार नाही. तू मला बोललास तेव्हा राजवीर दारात उभा होता. वीस वर्षांचं पोर, सगळं ऐकलं त्यानं. त्या दिवसापासून त्यानं मला एकदाही वाट विचारलेली नाही. कॉलेजच्या सहलीला निघाला, नोकरीच्या मुलाखतीला निघाला, विचारलं शेजाऱ्याला. आता वऱ्हाडाची बस कोणत्या रस्त्यानं न्यायची, ते परवा त्यानं ड्रायव्हरला अंगणात उभा करून विचारलं. मी तिथंच खुर्चीत बसलो होतो, सयाजी.

मला सांगितलंस ते ठीक. त्याला सांग.

वाट बघणारा,
पिराजी