लोखंडी गुडघ्यानं टेकलेलं डोकं

९ मार्च

शिसारी आली. पांढऱ्या कपड्यातली बाई लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून पळत जाते आणि लव्हाळं वाकतसुद्धा नाही. कमरेला तार बांधलेली असणार. तारेला टांगलेल्या बाईला हे लोक विद्या म्हणतात!

गुडघ्यामुळे हे दिवस आले. बर्फावरून घसरलो त्याला आज अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतो, दोन महिने घरातल्या घरातही काठी फिरवायची नाही. उद्यानात जाणं बंद, सकाळची मंडळी बंद. मी दिवसभर खिडकीशी बसून बडबडतो म्हणून सूछिननं – आमच्या हिनं – फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि हा सिनेमा लावून दिला. चाळीस वर्षांपूर्वीचा. आमच्याच गावाबाहेरच्या नदीवर काढलेला. जो मी पुन्हा जन्मात पाहणार नव्हतो, तोच.

"तेव्हा अर्ध्यातून उठून आलात," ती म्हणाली. "उरलेला अर्धा आता काय यमाच्या दारात बसून बघणार?"

बंद करायला सांगितला.

१० मार्च

पुन्हा पाहिला. बंद करायचं बटण सापडेना.

१२ मार्च

आज शेवटपर्यंत पाहिला. शेवटाकडे पाऊस पडतो, आणि गवताची मोठी टोपी घातलेला नावाडी नाव ढकलायच्या काठीनं अकरा दरोडेखोरांना पाण्यात लोळवतो. तार नाही, उडी नाही. तोंड दिसत नाही. कॅमेरा लांब ठेवलाय आणि मध्ये कुठे तोडलेलं नाही.

ती काठी आमची आहे. चू वस्तादांची छत्तीस हातांची – छत्तीस डावांची – काठी.

आणि तो नावाडी म्हणजे लुआन दाचंग, माझा थोरला गुरुबंधू. शेवटी पडद्यावर नाव येतं – काठीचे शिक्षण : लुआन दाचंग. तेवढ्यासाठी त्यानं ही काठी जगाला दाखवली. आम्ही सगळ्यांनी वस्तादांपुढे गुडघे टेकून, चहाचा पेला डोक्याच्या वर धरून कागद लिहून दिला होता. तालमीच्या भिंतीबाहेर परक्याच्या डोळ्यांना ही काठी दाखवणार नाही. एका जन्मात एकच वस्ताद करीन. हे जो मोडेल त्याचं नाव तालमीत राहणार नाही. सिनेमावाले आले त्या दिवशी मी मुद्दाम कारखान्यात दोन पाळ्या केल्या, त्या नदीकडे तोंड करावं लागू नये म्हणून. वस्ताद त्याच हिवाळ्यात गेले. मी म्हणतो, धसक्यानं गेले.

दर छिंगमिंगला आम्ही पठ्ठे त्यांची कबर झाडायला जमतो. गवत काढायचं, मातीचा ढीग नीट करायचा, मग यादी. वस्तादांपासून खाली एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, ज्याचं नाव त्यानं पुढे येऊन डोकं टेकायचं. वाचतो मी, कारण चार इयत्ता शिकलेला मी एकटा. लुआनचं नाव मी चाळीस वर्षं वाचलेलं नाही. तो येतो. मागे पिंपरणीच्या झाडाखाली उभा राहतो, यादी ऐकतो, जातो.

पण काठी बरी फिरवली आहे. हे लिहिताना बोटं आखडतात. लुआनला एवढं कधी यायला लागलं? बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. असल्या गोष्टीचा जास्त वीट येतो.

१५ मार्च

नवीन घाण. ही आणि तिच्याबरोबर चौकात नाचणाऱ्या चारपाच बायका फोनवर एक खेळ खेळतात. देवलोकातल्या बागेत पीचची झाडं लावायची, करकोच्यावर बसून फिरायचं, राक्षस मारायचे. सत्तरीच्या बायका! आज तिनं मलाही त्यात घातलं. माझं नाव ठेवलं 'लोखंडी गुडघा'. स्वतः त्यावर इतकी हसली की ठसका लागला.

सगळ्या पुरुषांना पोरींसारखी हनुवटी. तलवारी दाराच्या फळीएवढ्या. एकाला उभं राहायची रीत माहीत नाही. पाय जुळवून, कंबर सैल सोडून उभे – असा कुणी उभा राहिला असता तर वस्तादांनी पोटरीवर काठी ओढली असती. आणि असले हे लोक म्हणे अमर.

मला पहिलं काम दिलं ते बेडूक मारायचं. ओंगळ, निळे बेडूक. जेवणानंतर बसलो तो ही भाजी निवडून परत आली तरी बसलेलोच.

१७ मार्च

एकशे चाळीस बेडूक.

१९ मार्च

फार वाईट झालं.

सकाळी खेळात तांबडं बटण आलं. वर बारीक अक्षरं. चष्मा स्वयंपाकघरात होता. मला वाटलं बेडकांचं बक्षीस आहे, दाबलं. माझा लोखंडी गुडघा दाणकन खाली बसला. समोर हिरव्या झग्यातली एक बाई उभी, डोक्यावर नाव 'तीन शेर शेंगदाणे'. त्याच्या हातात कुठून तरी चहाचा पेला आला. तो त्यानं दोन्ही हातांनी वर धरला आणि डोकं टेकलं. एकदा. दोनदा. मी फोन पालथा घातला, तरी तिसऱ्यांदा टेकल्याचा आवाज आला.

मग अक्षरं आली – आजपासून तुम्ही 'तीन शेर शेंगदाणे' यांचे पठ्ठे.

दुपारी जेवण गेलं नाही. गाढवाच्या मटणाची भाकर तशीच राहिली.

२० मार्च

हिला सांगितलं. ही पीठ मळत होती, थांबलीसुद्धा नाही.

"खेळातलं डोकं ते. तुमचं कुठे टेकलं?"

"बोट माझं होतं ना?"

"मग बोटाला काढा तालमीतून."

हिला कळत नाही. कागदावर असं नाही लिहिलेलं की डोकं मांसाचं असलं तरच. लिहिलंय, दुसऱ्या दारात चहा धरणार नाही. चहा धरला. पेला होता. वाफसुद्धा काढली होती त्या मेल्यांनी.

बटण मागे घेता येतं का ते शोधलं. येतं. पण तिथे लिहिलंय, 'गुरुद्रोह करायचा आहे का? होय / नाही'. होय म्हणायला बोट धजेना. म्हणजे दाबलं तरी पाप, सोडलं तरी पाप. कोणत्या नीच माणसानं हा खेळ लिहिला असेल?

२२ मार्च

आज ती बाई बोलली. फोनमधून, खऱ्या आवाजात. मागे कणीक ओट्यावर आपटल्याचा आवाज येत होता. लानचौला शेवयांचं दुकान आहे म्हणे.

"लोखंडी गुडघ्या, पुढे पळू नकोस रे, मरशील. माझ्या मागे उभा राहा."

मी फोन हातभर लांब धरला.

"लाजतोस काय? आवाज काढ. वय किती तुझं?"

"शहात्तर," मी म्हणालो.

तिनं कणीक एकदा जोरात आपटली. मग म्हणाली, "असेना. वस्ताद तो वस्ताद. डाव्या हाताला पुलाखाली साप आहे, मी सांगेन तेव्हाच ये."

पोरीच्या वयाची असेल. मी तिच्या मागे उभा राहिलो. तिनं साप मारला आणि सापाच्या पोटातला मोती मला दिला. माझी मलाच किळस आली. मोती घेतला.

२५ मार्च

पत्र्याच्या पेटीतून कागद काढला. चू वस्तादांचा अंगठा, माझी सही. खालची ओळ विसरलो होतो – चूक घडल्यास वस्तादांकडे, वस्ताद नसल्यास थोरल्या गुरुबंधूकडे जावे, तो सांगेल ते मान्य करावे.

थोरला गुरुबंधू म्हणजे लुआन.

छिंगमिंग अकरा दिवसांवर आली. यादीत माझं नाव सातवं. वाचलं तर खोटारडा ठरतो. गाळलं तर पुढच्या वर्षापासून मला तिथे काय काम? लुआनच्या शेजारी झाडाखाली उभं राहायचं? नियम मीच लावला, तोसुद्धा कबरीसमोर, सगळ्यांदेखत, बोट रोखून. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि लुआनच्या म्हाताऱ्या आईसमोर त्याला 'घरभेद्या' म्हणालो. ती काही बोलली नव्हती. टोपलीतली फळं कबरीवर न ठेवता परत घेऊन गेली.

२६ मार्च

खेळ उघडला नाही. सिनेमा दोनदा. नावाड्याचा सतरावा हात थांबवून थांबवून पाहिला. तिथे मी आयुष्यभर मनगट उलटं धरत आलो असं दिसतं. हेसुद्धा त्या लुआनकडून शिकायचं.

२८ मार्च

त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. गुडघा दुखला. परत आलो.

ही म्हणाली, "गुडघ्यानं बरं वळण घेतलं, अगदी त्यांच्या दारासमोर."

३० मार्च

गेलो. लुआन अंगणात लसूण सोलत बसला होता. ऐंशी वर्षांचा आहे, एका कानानं ऐकतो. मला पाहून उठला नाही, फक्त स्टूल पायानं पुढे ढकललं.

"बस. गुडघा मोडला म्हणे."

"मोडला नाही. सुजला."

"सुजलाच. बस."

मी बसलो नाही. हात जोडून उभं राहून सगळं सांगितलं – बेडूक, बटण, पेला, तीन वेळा डोकं, शेंगदाणे. त्यानं दुसरा कान पुढे केला, म्हणून शेंगदाणे मला मोठ्यानं पुन्हा सांगावे लागले. शेजारची बाई भिंतीवरून बघायला लागली.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मी रागावून परत आलो असतो.

"बरी शिकवते का ती?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"तुझी शेंगदाणेवाली."

"मागे उभं राहायला लावते."

"मग बरी शिकवते. तुला मागे उभं राहायला आम्हाला कुणाला शिकवता आलं नाही."

मी म्हणालो, "थट्टा नको. थोरला म्हणून सांग. कागदात तसं आहे. यंदा मी यादी दुसऱ्या कुणाला देतो, माझं नाव गाळतो आणि घरी बसतो."

तेव्हा त्याचे हात थांबले. लसणाची साल बोटाला चिकटली होती ती तो बराच वेळ काढत राहिला.

"दुसरा कोण वाचणार?"

"नातवंडं वाचतील कुणाची तरी."

"परक्यानं वाचायची नसते." मग म्हणाला, "माफी द्यायचा मला हक्क नाही, शौली. चार तारखेला ये. तो सिनेमा घेऊन ये. मी कधी पाहिला नाही."

"तुझाच सिनेमा, आणि तू पाहिला नाहीस?"

"बघण्यासारखं माझं काय आहे त्यात?"

मला खरं वाटलं नाही. त्याला मला समोर बसवून तो दाखवायचा आहे. चाळीस वर्षांचा सूड. मीसुद्धा हेच केलं असतं. येताना त्यानं वाळलेल्या लाल बोरांची पिशवी दिली. घेतली. आल्यावर हिच्यापुढे टाकली. मी एकही खाल्लं नाही.

१ एप्रिल

वस्तादीण बाईंनी खेळात निरोप ठेवला होता. "लोखंडी गुडघ्या, सहा दिवस दिसला नाहीस. आजारी आहेस का? राक्षस मारू नकोस, नुसता येऊन बस."

जाऊन बसलो. पुलावर. ती पुढे उभी. खालून ते घाणेरडं निळं पाणी वाहत होतं.

३ एप्रिल

यादी नव्यानं लिहिली. सातव्या जागेवर आलो आणि शाई सांडली. पुन्हा लिहिली. सातवी जागा मोकळी ठेवली. मोकळी जागा फार मोठी दिसते. लुआनची मोकळी जागा मी कधी ठेवलीच नव्हती. खालची नावं वर सरकवली होती.

४ एप्रिल

फोन लुआनच्या ओट्यावर भिंतीला टेकवला. पाऊस आला, टोपीवाला आला. छत्तीस हात संपेपर्यंत लुआन फोनला नाक लावून बसला होता. मग डोळे पुसून म्हणाला, "मी नावेच्या तळाशी आडवा पडलोय. नाव हलू नये म्हणून. हे वस्ताद."

ऐन वेळी त्यांनी याच्या हातातून काठी काढून घेतली आणि टोपी चढवली. सत्तर वर्षांचे. झाल्यावर सिनेमावाल्यांना तीनदा विचारलं, पुन्हा करू का? परत येताना लुआनला म्हणाले, "शौलीला सांगू नकोस. तो जेवणार नाही." हिवाळ्यात अंथरुणावर पडल्यापडल्या रोज विचारायचे, सिनेमा कधी लागणार.

"चाळीस वर्षं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू कबरीवर आला नसतास. मग यादी कोण वाचणार होतं? आम्हाला अक्षरं येतात का?"

वस्तादांनीही त्यांच्या वस्तादांपुढे हाच कागद लिहून दिला होता. उद्या सकाळी यादी वाचायची आहे. माझ्या नियमानं पहिल्याच ओळीवर, वस्तादांच्या नावावरच, थांबावं लागतं.