दवाखान्यासाठी कौल

३ नोव्हें. १९२९, रविवार. कातळगाव.
सकाळच्या उपासनेला चौघे. मी, सौ., लाजरस सुतार, त्याची बायको. दारात एक म्हैस, तीही अर्ध्यावर उठून गेली. संध्याकाळी माझ्या कीर्तनाला मात्र अख्खा गाव. विषय: कौल. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर देव हो म्हणाला, डावी गळली तर नाही. म्हणालो, मग तुमचा देव वारा, त्यालाच नैवेद्य दाखवा. लोक पोट धरून हसले. गुरव धोंडू सगळ्यांत पुढे बसून हसत होता. शेवटी नारळ त्यानेच दिला. छान रंगलं. चिपळूणच्या व्याख्यानापेक्षाही.

५ नोव्हें.
पडवीचा मालक मुंबईहून आला. मुलाचं लग्न आहे, महिनाअखेर पडवी रिकामी हवी. त्याची पडवी, त्याचा हक्क. पण सौ.चा दवाखाना त्याच पडवीत. लग्नाच्या वर्षी हार्मोनियम आणि औषधांची पेटी घेऊन आम्ही चिपळुणाहून चालत इकडे आलो, तेव्हा वेळणेश्वराच्या उत्तरेला बाळंतपणाचं शिकलेलं माणूस एक नव्हतं. आजही हिच्याखेरीज नाही. जागा मिळाली नाही तर मिशन आम्हाला रत्नागिरीस बोलावणार. मला तिथे काय कमी? मिरकरवाड्याला धक्क्यावर उभं राहून तोंड उघडलं की गर्दी. हिचं काय? आणि इथल्या बायकांचं?

९ नोव्हें.
बाळा गावकर आला. गावात शब्द त्याचा. विहिरीजवळचा माळ दवाखान्याला द्यावा असं सगळ्यांच्या मनात आहे म्हणाला. मी त्याचे हात धरले. तर पुढे म्हणतो, "मंगळवारी कौल लावतो. देवानं हो म्हटलं की जागा बायची."
रविवारी मी काय सांगितलं ते ऐकलंत ना, असं विचारलं.
"आयकलं तर. आमी अजून हसतोय."

१२ नोव्हें.
देवळात गेलो नाही. बाहेर पिंपळाखाली उभा राहिलो. सौ. शेजारी, हातात विणकाम. ती देवळाकडे बघत नव्हती, पण टाके चुकत होते. बऱ्याच वेळानं धोंडू बाहेर आला. उजवा! बायकांनी हिला गराडा घातला.
मी पारावर चढलो. दगडाच्या हातचं दान मी घेणार नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्ही द्या, डोक्यावर घेईन. आवाज खणखणीत लागला होता. कुणी हसलं नाही.
खाली उतरल्यावर गावकर हळूच म्हणाला, "पाद्रीबुवा, आमी कशी देऊ? आता ती आमची ऱ्हायली नाय. देवानं दिलेलं आमाला परत घेता येत नाय. तुमी नको म्हणालात तर तिथं गवत वाढंल."
हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं कौलाची टिंगल केली. कौल लागल्यावर पुढे काय होतं ते एकदाही विचारलं नाही.

१३ नोव्हें.
सौ. बोलत नाही. म्हणजे बोलते, मीठ संपल्याबद्दल.

१५ नोव्हें.
आज बोलली. भात वाढता वाढता. "प्रभूच्या प्रेषितांनी फितुराच्या जागी बारावा कसा निवडला?"
मी भात कालवत राहिलो.
"चिठ्ठ्या टाकूनच ना? मग चिठ्ठी चालते आणि पाकळी चालत नाही?"
म्हणालो, त्यांनी आधी खऱ्या देवाची प्रार्थना केली होती.
"मीही केली होती. पिंपळाखाली. तुम्ही भाषण जुळवत होतात."
सभेत मोठमोठ्या शास्त्र्यांना मी निरुत्तर केलं आहे. ताक मागितलं.

२० नोव्हें.
सौ.नं औषधांची पेटी उचलून माळावर नेली. लाजरसनं चार मेढी पुरून वर माडाचे झाप टाकले. "तुम्ही तुमचं ठरवा. मी बसते."
दुपारपर्यंत बायकांची रांग. गावकराची सूनही आली. सातवा महिना, पावलं सुजलेली. आधीची दोन्ही मुलं घरीच बाळंतपणात गेली, आम्हाला बोलावणं आलं तेव्हा उशीर झाला होता. सौ. म्हणते, या खेपेस बाळंतपणाला भिंती आणि छप्पर हवं, झाप नव्हे. चिरे आताच रचायला घेतले तरच जमेल.
मी लांबून पाहिलं. मग घडा भरून नेला. पाणी म्हणजे तत्त्व सोडणं नव्हे.

२४ नोव्हें.
धोंडू घरी आला. परवा पहिला चिरा बसवायचा. त्याआधी तो गाऱ्हाणं घालणार: देवाला एकेक मागणं सांगायचं, आणि दर मागण्याला सगळ्यांनी एकमुखानं "व्हय महाराजा" म्हणायचं. ज्यांच्यासाठी गाऱ्हाणं, ती दोघं, म्हणजे आम्ही, पुढे उभी पाहिजेत, गप्प राहून चालत नाही.
मी म्हणालो, प्रार्थना मी करीन, माझ्या प्रभूची.
त्याने सुपारी कातरली. "करा की. पयली तुमची. तुमच्या देवाला सांगा, आमी सगळी व्हय म्हणू. मग मी आमच्या देवाला सांगन." सुपारी माझ्यापुढे केली. "मग तुमी व्हय म्हणा."
सौ. आतून ऐकत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

२५ नोव्हें.
कातळगाव, माझ्या प्रार्थनेच्या प्रत्येक वाक्याला, एका तोंडानं, होय म्हणणार. हयातभर याच घटकेसाठी पायपीट केली. मिशनला काय कळवू? कळवू तरी का?
दिवसभर प्रार्थना लिहिली. नेहमीची लांब वाक्यं खोडली. आखूड केली. सुनेसाठी एक. तिच्या पोटातल्यासाठी एक. विहिरीच्या पाण्यासाठी एक. दर वाक्यापुढे थांबायला जागा सोडली. सौ.ला वाचून दाखवली. ती म्हणाली, धोंडूही नेमकं हेच मागणार.
मी म्हणालो, मागणं तेच, पण मागायचं कुणाकडे?
"ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मग भीती कसली?"

२६ नोव्हें.
सकाळ. सौ. पुढे गेली, ठेवणीतलं पातळ नेसून. जाताना माझ्या कोटाची धूळ झटकली. प्रार्थना पाठ आहे. घसा साफ आहे. प्रार्थनेसाठीही, व्हय म्हणायलाही.
माळावर ढोल सुरू झाला. निघतो.