खुंटीवरचा कागद

जुळे सोलापूर,
४ जानेवारी २०२५

ती. आप्पांस, वैजयंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला जमत नाही, म्हणून हे पत्र.

आईचा खोकला बराच उतरलाय. पण डॉक्टरांनी बजावलंय, चाळीस वर्षांचा धूर छातीत बसलाय, पुन्हा धुरात नेलंत तर पुन्हा दवाखाना. गॅसचं नाव काढलं की ती तोंड फिरवते, भाकरी चुलीवरचीच. म्हणून आई इकडे आल्यावर तुम्ही जी धुराड्याची नवी चूल बसवलीत, ती नीट चालली पाहिजे. वाळकी लाकडं बारीक फोडून घाला, रॉकेल ओतू नका, खिडकी उघडी ठेवा, पाण्याची बादली हाताशी असू द्या. धूर थांबला की कळवा, लगेच तिला आणून सोडते. ती रोज पिशवी भरते, मी रोज रिकामी करते.

तुमची, वैजयंती

मळ्यातून, ता. सांगोला,
९ जानेवारी

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच सगळं चाललंय. धूर अजिबात नाही. तुझी आई रोज सकाळी चूल सारवायची, तशी मीही सारवतो, एक दिवस चुकवला नाही. भोकंबिकं बुजवून अशी गुळगुळीत केलीय की तिनं बघत राहावं. गडी माणूस चूल सारवतो म्हणून शेजारचा रुद्रप्पा हसतो, हसू दे. शेळी व्यालीय. करडाला बघायला तरी तिला पाठव.

आशीर्वाद आहेतच, आप्पा

जुळे सोलापूर,
१३ जानेवारी

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

आईनं तुमचं पत्र हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली की तुझा बाप खोटं लिहितो, कागदाला धुराचा वास येतोय. मला फार राग आला, आप्पा. तुमच्या शब्दावर मी तिला आणून सोडली असती तर?

मग भोकांचं पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. जाळीखालचं भोक वाऱ्यासाठी असतं. ते बुजवल्यावर लाकूड पेटणार कसं, धुमसतच राहणार. ते उकरा. राख रोज काढा. महिन्यातून एकदा, चूल गार झाल्यावर, धुराड्यातली काजळी झाडा. सारवायचं तर खुशाल सारवा, भोक सोडून.

रागावलेली पण तुमचीच, वैजयंती

मळ्यातून,
१८ जानेवारी

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

खोटं लिहिलं, चुकलो. घर खायला उठतं गं.

भोक उकरलं, ओंजळभर माती निघाली. छाटलेल्या डाळिंबाच्या ओल्या काड्या जाळत होतो, तेही कबूल. त्या आता उन्हात वाळत टाकल्यात. जाळ सरळ लागतो, धूर धुराड्यातून वर जातो आणि लाकूड निम्मं पुरतं. पण माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? म्हणून हा कोरा कागद तीन दिवस स्वयंपाकघरात खुंटीला टांगला आणि मग लिहायला घेतला. तू वाचायच्या आधी तिच्या हातात दे.

आप्पा

जुळे सोलापूर,
२१ जानेवारी

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

आईनं कागद दोनदा हुंगला. म्हणाली, धुराचा वास नाही, तंबाखूचा येतोय. सोडली म्हणून सांगितलेल्या त्या तंबाखूबद्दल ती समोरच बोलणार आहे. आम्ही दोघी शनिवारच्या एसटीनं येतोय.

पिशवी तिनं भरलीय, मी रिकामी केलेली नाही.

तुमची, वैजयंती