कपाटातली विजया

१२ फेब्रु.
केमो संपून वर्ष होत आलं, तळपायांची आग काही संपत नाही. पायांवर चादरसुद्धा सहन होत नाही. आज अवि करोल बागेतल्या वैद्यांकडे घेऊन गेला. त्यांनी विजयेचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे चक्क भांग! मला हसूच फुटलं. वैद्य म्हणाले, "पत्तियों का है, पर्ची पर मिलता है. बिल्कुल लीगल." अविचा, आमच्या नवरोबांचा, चेहरा मात्र पडला.

१७ फेब्रु.
बाटली आली. बोटाएवढी. झाकण उघडून वास घेतला. तिळाचं तेल आणि ओलं गवत. जिभेवर लावून बघावं असं इतकं वाटलं की... अविने हातातून काढून घेतली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. "एकदा ऑफिसला विचारून घेतो. सरकारी क्वार्टर आहे यार." अरे, पर्ची आहे ना?

२० फेब्रु.
विचारलं ते तोंडी नाही. लेखी! पत्नीसाठी हे औषध घरी ठेवण्यास परवानगी असावी, वगैरे. जन्मभर फायली चालवलेला माणूस. जिथे परवानगी लागतच नाही तिथे मागून बसला. आता उत्तर येईपर्यंत औषध घ्यायचं नाही, कारण विचारलंय ना! भांडले. रडलेही. मग गार पाण्यात पाय बुडवून बसले.

२७ फेब्रु.
उत्तर आलं. 'कोणत्या नियमाखाली परवानगी हवी ते कळवावे.' असा नियमच नाही, तर कळवणार काय? "चुकलंच माझं," अवि म्हणाला. माझा राग ओसरलाय, आता नुसतं कुतूहल. यांच्यात 'हो' म्हणायचा अधिकार नेमका कोणाला आहे? वैद्यांना फोन केला. "बहनजी, आपने पूछा ही क्यों?"

४ मार्च, धुळवड
कॉलनीच्या लॉनवर भल्लासाहेब स्वतः ठंडाई वाटत होते. अविचे वरिष्ठ. ते उत्तर त्यांच्याच सहीचं. "लीजिए भाभीजी, असली भांग है." ग्लास हिरवागार. मी विचारलं, "सर, इसकी परमिशन?"
"अरे, होली में कौन पूछता है!" सगळे हसले. अवि हसला नाही. मी ग्लास तसाच खाली ठेवला.

५ मार्च
अवि ऑफिसला गेला. जाताना कपाटाची किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवून गेला. मी काहीच विचारलं नाही.
दोन थेंब जिभेखाली. कडूशार. पायांवर चादर ओढून बसलेय. बघू.