मनगटावरचा पांढरा दोरा

कोपरी. रविवार, संध्याकाळ

पोराचा नुसता राग आलाय. थायलंडला नातीच्या सासरी जाऊन आलो, त्याला चार दिवस झाले. आज शेजारणींसमोर परत तेच. "आमची आये भिक्षूच्या पाया पडायला गेली! तो बिचारा उडी मारून मागं!"

मला काय ठाऊक, बाईमाणसाने त्यांना शिवायचं नसतं? साधू दिसला की पाया पडायचं, एवढंच मला माहीत. पण भात नीट वाढला ना मी त्यांच्या पात्रात? नातजावयाच्या आजीने हात धरून शिकवलं. काय गोड म्हातारी, तोंडात एक दात नाही! तिनेच हा आशीर्वादाचा पांढरा दोरा माझ्या मनगटाला बांधला. नातीच्या पोटाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. नात म्हणाली, "आजी, बाळ झालं की तुम्ही दोघींनी त्याला असाच बांधायचा."

आणि पोरगा म्हणतो, "तेव्हा तू नको येऊस, परत लाज काढशील. तो मळका दोरा पण काप."

लाज? बूट घालून हाच त्यांच्या देवळात शिरत होता, मी मागून सदरा ओढला. बोलले का कुणाला? आज बोलले, शेजारणींसमोरच.

दोरा काही कापत नाही मी. बाळाला बांधायला मीच जाणार.